आयर्लंडमधल्या राथचे भुयार कसे वाचावे

आयर्लंडमधल्या जुन्या शेतवस्त्यांच्या आवारात जमिनीखाली बांधलेल्या किंवा पोखरलेल्या वाटा आणि कोठ्या सापडतात, तेच हे भुयार. त्यात शिरताना एक प्रश्न सतत विचारत राहा: भरलेले भांडे हातात घेऊन इथून पुढे जाता आले असते का? जिथपर्यंत उत्तर ‘हो’ येते तिथपर्यंतचा भाग साठवणीला सोयीचा आहे. जिथे रिकाम्या हातानेही पोटावर सरपटावे लागते, त्यापलीकडचा भाग माणसे लपवण्यासाठी बांधलेला असण्याची शक्यता जास्त. एकाच भुयारात बहुतेकदा दोन्ही भाग सापडतात. एकातून दुसऱ्यात कुठे शिरलो हे ओळखता आले की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे टेप, ओळंबा आणि धीर.

आधी जागेची ओळख. मातीचा गोल बांध आणि बाहेरून खंदक असलेल्या वस्तीला राथ म्हणतात. बांधाऐवजी सुक्या दगडांची जाड भिंत असेल तर ते कॅशल. आतले मोकळे आवार म्हणजे लिस. आवाराचा व्यास साधारण ३० मीटर असतो आणि त्यात एका शेतकरी कुटुंबाची घरे असत. आयर्लंडभर अशा ४५,००० हून अधिक जागा आहेत आणि त्यातल्या बहुतेक इ.स. ६०० ते ९०० या काळातल्या. नोंद झालेली भुयारे मात्र सुमारे ३,५०० आहेत आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली नाहीत. अँट्रिमचा उत्तर भाग, लाउथमधला डंडॉकचा परिसर, कॉर्क, केरी, गॉलवे आणि मेयो या परगण्यांत ती दाटीने सापडतात. भुयारांचा काळ ढोबळमानाने ७५० ते १२५० असा धरला जातो, म्हणजे पुष्कळ ठिकाणी राथ आधीचा आणि भुयार नंतरचे. भुयाराने जुना बांध कापलेला दिसला किंवा बुजलेल्या खंदकातून ते गेलेले दिसले तर गोंधळू नका. राथशिवायही भुयारे असतात. मीथ परगण्यातल्या नाउथ इथे प्राचीन थडग्याच्या टेकाडावर मध्ययुगात वस्ती झाली, तिथे नऊ भुयारे निघाली.

भुयार म्हणजे पेव नव्हे. आयरिश जमिनीत ओल इतकी असते की धान्य इथे बुरसटेल किंवा मोडावेल. पण जमिनीखाली एवढ्या खोलवर तापमान वर्षभर १० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकते, आणि ते लोणी, दूध, चीज यांना मानवते. त्या समाजात गाय हेच धन होते आणि दुधाच्या पदार्थांना ‘पांढरे अन्न’ असा खास शब्द होता. त्यामुळे थंड कोठारासाठी एवढा खटाटोप करणे त्यांना परवडणारे होते.

वरून शोधताना

पहिला आधार जुना नकाशा. आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या सहा इंची (एका मैलाला सहा इंच) सर्वेक्षण नकाशांवर अशा जागी नुसते ‘केव्ह’, म्हणजे गुहा, असे लिहिलेले असते. आयरिशमध्ये भुयाराला आणि नैसर्गिक गुहेला एकच शब्द आहे, ‘उअव’, आणि इथेच पहिली फसगत होते. कॉर्कमधल्या क्लॉइन आणि ओव्हन्स या दोन्ही गावांच्या नावांत हा शब्द आहे, पण तिथल्या गुहा चुनखडीतल्या नैसर्गिक आहेत. नावावरून नुसता संशय घ्यायचा, निष्कर्ष काढायचा नाही.

जमिनीवर तीन खुणा शोधा: आवारात लांबट, नागमोडी खळगा, गवतातून डोकावणारी, एकट्याने हलणार नाही अशी सपाट शिळा, आणि कोरड्या उन्हाळ्यात शिळांच्या वर लवकर पिवळा पडणारा गवताचा पट्टा. गुराचा पाय खचून अचानक पडलेले भोक ही चौथी खूण. ती सर्वांत खात्रीची आणि सर्वांत धोक्याची, कारण तिथले छत नुकतेच मोडलेले असते. काठाशी उभे राहून वाकून पाहू नका. दोन मीटर मागे आडवे पडा आणि काठीला बांधलेल्या कॅमेऱ्याने आत पाहा.

धान्य वाळवण्याच्या भट्टीचा बोगदाही वरून असाच दिसतो. त्याच्या कडेची माती भाजून लाल झालेली असते आणि राखेत करपलेले दाणे मिळतात. भुयारात असे काही नसते.

ते बांधले कसे, हे आधी मनात बांधून पाहा

सर्वांत जास्त आढळतो तो प्रकार खणून-बांधून केलेला: चर खणायचा, दोन्ही अंगांना सुक्या दगडांची भिंत रचायची, वर शिळा टाकायच्या आणि माती परत लोटायची. दहा मीटर लांबीच्या साध्या भुयाराचा हिशेब करून पाहा. चर अडीच मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल धरला तर ६२ घनमीटर माती उपसावी लागते. प्रत्येकी ४० सेंटिमीटर जाडीच्या आणि १.६ मीटर उंचीच्या दोन भिंतींना मिळून जवळजवळ १३ घनमीटर रचाई होते. मधल्या पोकळ्या वजा केल्या तरी दगडाचे वजन २५ टनांच्या पुढे जाते. छतासाठी अर्ध्या मीटर रुंदीच्या २० शिळा लागतात. दीड मीटर लांब आणि पाव मीटर जाड शिळा अर्ध्या टनाची भरते. एका कुटुंबाने चार दिवसांत उरकण्याचे हे काम नाही. गोतावळा आणि शेजारी हाताशी हवेत, आणि जवळ सपाट फुटणारा दगड हवा.

भिंत सरळ वर जात नाही. तळाशी वाट १.२ मीटर रुंद असेल तर छताशी ती ८० सेंटिमीटरवर येते, कारण प्रत्येक थर आतल्या बाजूला थोडा पुढे काढलेला असतो. त्यामुळे दीड मीटरची शिळाही दोन्ही भिंतींवर ऐसपैस टेकते. आत झुकलेली भिंत कोसळत का नाही? लांब दगडाची शेपटी चराच्या बाजूला खोल जाते आणि मागे ठासलेली माती ती शेपटी दाबून धरते. ही एक गोष्ट समजली की पुढचा सगळा धोका समजतो. भिंतीमागची माती कोणी वरून उकरली किंवा पाण्याने ती वाहून गेली, तर शेपटीवरचा दाब जातो आणि भिंत आतल्या अंगाला कलंडते. भिंतीला पोट सुटलेले दिसले की कारण भिंतीमागे शोधा.

लाउथ आणि मीथकडे गोल कोठ्याही भेटतात. त्यात थर चहूबाजूंनी पुढे काढत नेऊन मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमट केलेला असतो आणि माथ्यावर एकच शिळा ठेवलेली असते.

कॉर्कमधली तऱ्हा वेगळी. तिथल्या घट्ट मातीत चर न खणता वरून उभी विहीर पाडत, तिच्या तळातून आडवी कोठी पोखरत आणि दोन कोठ्यांना जोडणारे अरुंद भोक काढत. काम झाले की विहिरीचे तोंड आतून दगड रचून बंद करत. अशा भुयारात कोठीच्या एकाच बाजूला अचानक दगडी भिंतीचा तुकडा दिसला, तर ते लपवलेले दार नाही. ती बांधकामाची बुजवलेली विहीर आहे. तिचे दगड काढून ‘पलीकडे काय आहे’ पाहण्याचा मोह टाळा, पलीकडे सुटी माती आहे आणि ती तुमच्या अंगावर येईल. लाकडी भुयारेही होती, पण ओक कुजला की मागे फक्त मातीतला चर उरतो. फर्मॅना परगण्यातल्या कूलक्रॅन इथे पाणथळ जमिनीमुळे लाकूड टिकले, आणि त्याच्या वर्षवलयांवरून ते ८२२ च्या आगेमागे नऊ वर्षांत तोडल्याचे ठरवता आले. भुयारांच्या कालगणनेत इतका नेमका आधार विरळा.

आत जाण्याआधी

जमीनमालकाची परवानगी घ्या. आयर्लंड प्रजासत्ताकात ही स्मारके कायद्याने संरक्षित आहेत. परवान्याशिवाय खणणे आणि परवानगीशिवाय धातुशोधक फिरवणे गुन्हा आहे. उत्तर आयर्लंडमध्ये १९९५ चा स्वतंत्र आदेश लागू आहे आणि उत्खननाचा परवाना तिथेही लागतो. आत वटवाघळे असतील तर हिवाळ्यात जाऊच नका. पश्चिमेकडच्या परगण्यांत लेसर हॉर्सशू, म्हणजे छोट्या घोडनाल, जातीची वटवाघळे भुयारांत मुक्काम करतात. त्यांनाही कायद्याचे संरक्षण आहे, आणि ऐन थंडीत जाग आली तर त्यांची साठवलेली चरबी खर्ची पडते.

आत दोन माणसे, बाहेर एक. बाहेरच्याकडे परतीची वेळ लिहिलेली हवी. प्रत्येकाला हेल्मेट, दोन दिवे आणि गुडघ्यांना जाड गाद्या. सोबत वायुमापक ठेवा: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की मागे फिरायचे, चर्चा बाहेर येऊन करायची. मेणबत्तीच्या ज्योतीवर विसंबू नका. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने सखल कोठीत साचतो, आणि रांगणाऱ्या माणसाचे तोंड नेमके त्याच पातळीवर असते. जवळ शेणखताच्या द्रवाची टाकी असेल तर हायड्रोजन सल्फाइडही मोजा. मोठ्या पावसानंतर काही दिवस जाऊ नका. तळाच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते, म्हणून हातांवर जखमा असतील तर झाका आणि बाहेर आल्याशिवाय काही खाऊ नका.

तोंडाशी थांबून पहिल्या पाच शिळा खालून पाहा. मधोमध, वाटेच्या दिशेने गेलेली बारीक भेग म्हणजे शिळा वाकून तुटत आली आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, आणि खालच्या अंगाला ताण येतो. बांधणाऱ्यांनी वरून माणसे आणि गुरे जातील एवढाच हिशेब केला होता, आज त्याच जागेवरून अनेक टनांचा ट्रॅक्टर जातो. अशी शिळा दिसली तर तिच्याखालून जाऊ नका, मोजणी तिथेच संपवा.

मोजणी

तोंडापासून पहिल्या वळणापर्यंत जमिनीलगत सूत ताणा आणि पाणसळीने ते सपाट करा. दर अर्ध्या मीटरवर चार मापे घ्या: सुतापासून डावी भिंत, उजवी भिंत, खाली तळ, वर छत. प्रत्येक ठिकाणी रुंदी दोनदा मोजावी लागते, तळाशी आणि छताशी. नुसती तळाची रुंदी घेतली की भिंतीचा कल नोंदीतून निसटतो, आणि ही चूक फार होते. छताच्या शिळांना तोंडाकडून क्रमांक द्या आणि प्रत्येकीची रुंदी लिहा. एखादीच शिळा वेगळ्या दगडाची निघाली तर ती दुरुस्ती असू शकते किंवा दुसरीकडून आणलेली. खडूने क्रमांक लिहू नका.

वळणावर नवे सूत, आणि दिशा होकायंत्राने. ती दोन्ही टोकांकडून घ्या: इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. दोन वाचनांत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा. अँट्रिममध्ये तो बऱ्याचदा येत नाही, कारण तिथला बेसाल्ट स्वतः चुंबकीय आहे. हेल्मेटवरचा दिवाही सुई ओढतो. १८० पासूनची चूक दोन अंशांहून जास्त असेल तर होकायंत्र बाजूला ठेवा आणि वळणाचा कोन त्रिकोणाच्या तीन बाजू मोजून काढा. आराखडा १:५० या प्रमाणात आणि आडवे छेद १:२० मध्ये काढले की पुरते. छायाचित्रांतून त्रिमिती प्रतिमा करायची असेल तर शेजारच्या चित्रांत ७० टक्के भाग सामाईक ठेवा आणि प्रत्येक कोठीत मोजपट्टी असू द्या.

शेवटी तोंडाचे स्थान उपग्रहावरून आयरिश ट्रान्सव्हर्स मर्केटर, म्हणजे आयर्लंडच्या नकाशांसाठीच्या निर्देशांक-जाळीत घ्या आणि भूमिगत रेषा वर गवतावर खुंट्यांनी आखा. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून बरेच जण टाळतात. पण भुयार घराखालून निघते का, बांधाच्या आत संपते की बाहेर, हे आराखड्याच्या कागदावर कळत नाही, खुंट्यांच्या रांगेतच दिसते. केरीतल्या लाकानाबुइल्या कॅशलमध्ये भुयाराचे तोंड घरातच आहे आणि ते तटाच्या जाडीतल्या कोठीकडे जाते. म्हणजे रात्री दाराबाहेर पाऊल न टाकता नाहीसे होण्याची सोय.

आता वाचन

रांगवाट हा भुयाराचा गाभा. दोन भागांमध्ये वाट एकदम ५०–६० सेंटिमीटरवर येते आणि तेवढ्यातून हातापायांवर जावे लागते. इथे थांबा आणि तपशील घ्या: लांबी किती, चढ आहे की उतार, पलीकडे पातळी वर आहे की खाली. सपाट रांगवाट वेग कमी करते. वर चढणारी रांगवाट माणूस थांबवते, कारण पाठलाग करणाऱ्याचे डोके आधी वर येते, हात जमिनीला टेकलेले असतात, आणि वर अंधारात बसलेल्याच्या हातात सगळे असते. एक जण तिथे कितीही जणांना अडवू शकतो. काही ठिकाणी वाट आंधळी संपल्यासारखी वाटते आणि पुढची कोठी छतातल्या किंवा तळातल्या चौकोनी भोकातून उघडते. ते भोक एका शिळेने झाकता येत असे. म्हणून ‘इथे संपले’ असे लिहिण्याआधी शेवटच्या दोन मीटरमधले छत आणि तळ दोन्ही तपासा. लाउथमधल्या डोनामोर इथे वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या वाटा अशा सांध्यांनी जोडल्या आहेत आणि एकूण लांबी ८० मीटरच्या घरात जाते. याउलट डाउन परगण्यातल्या फिनिस इथे जवळपास ३० मीटरची मुख्य वाट आणि तिला दोन शाखा आहेत.

झरोके शोधताना दिवे मालवा. बुजले नसतील तर बारीक उजेड दिसतो. बहुतेक झरोके मात्र बुजलेलेच असतात, तेव्हा भिंतीच्या वरच्या भागात वीतभर रुंदीचे चौकोनी तोंड हाताने चाचपून शोधा. तो कोणत्या कोठीत आहे हे महत्त्वाचे. लोण्याला हवा लागत नाही, माणसांना लागते. सर्वांत आतल्या कोठीला झरोका असेल तर ती माणसांसाठी होती असे म्हणायला बळ येते. तळाशी शिळांनी झाकलेला पन्हळ, भिंतीतला कोनाडा, दाराच्या चौकटीसारखे समोरासमोर उभे दगड, अडसर सरकवायचे भोक, हे सगळे टिपा. अडसर कोणत्या बाजूने लागत होता ते नक्की पाहा. बाहेरून लागत असेल तर कोठार, आतून लागत असेल तर आसरा.

आसरा नेमका कशापासून? वेढ्यापासून नव्हे. तोंडाशी ओला पाला पेटवला तर धूर सगळ्या कोठ्यांत भरतो, आणि दुसरी वाट बहुतेक भुयारांना नसते. हे बांधणाऱ्यांना माहीत नव्हते असे समजणे त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांचा हिशेब झटपट येऊन निघून जाणाऱ्या टोळीचा होता: गुरे हाकायची, सापडतील ती माणसे गुलाम म्हणून न्यायची आणि मदत पोचण्याआधी पळायचे. गाय रांगवाटेतून जात नाही, म्हणून गुरे जाणारच होती. वाचवायची होती ती माणसे. त्या काळच्या कायद्यात ‘कुमल’ हे मूल्य मोजण्याचे एकक होते आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ गुलाम स्त्री. बायका आणि मुलांना दोन-चार तास नाहीसे करू शकणाऱ्या ५० सेंटिमीटरच्या भोकासाठी २५ टन दगड रचायला माणसे का तयार होत, ते या एका शब्दातून समजते.

काळ ठरवताना होणाऱ्या चुका

छतात ओगम, म्हणजे रेघांच्या प्राचीन आयरिश लिपीतल्या, अक्षरांची शिळा दिसली की हर्ष होतो आणि चूकही तिथेच होते. ओगम लेख बहुतांशी पाचव्या ते सातव्या शतकातले, भुयार त्यानंतरचे. लांब, सरळ, तयार दगड म्हणून जुन्या स्मृतिशिळा उचलून छताला लावल्या गेल्या. वॉटरफर्डमधल्या ड्रमलोहन इथे १८६७ मध्ये आणि केरीत डनलोजवळ १८३८ मध्ये भुयारांतून अशा अनेक शिळा निघाल्या. लेखावरून एवढेच ठरते की भुयार त्या लेखाहून जुने नाही. रॉसकॉमनमध्ये रॅथक्रोहनच्या ‘मांजरांच्या गुहे’च्या तोंडाशी अशीच शिळा आहे. तिच्यावर ‘मेड्वचा मुलगा फ्रेख याचा’ असा लेख आहे, आणि बांधीव भाग पुढे चुनखडीतल्या नैसर्गिक भेगेत उतरतो.

ओगमच्या रेघा दगडाच्या धारेवर असतात, सपाट अंगावर नव्हे. दिवा धारेशी जवळजवळ समांतर धरा, म्हणजे उथळ रेघांतही सावली पडेल. भिंतीवर टेकलेली टोकेही पाहा, कारण शिळा बसवणाऱ्याला लेखाची पर्वा नव्हती आणि निम्मी अक्षरे भिंतीत गेलेली असू शकतात. ती उघडी करण्यासाठी एक चिपही काढू नका.

तळावरच्या गाळातला कोळसा भुयार वापरातून गेल्यानंतरचा असू शकतो. बांधकामाचा काळ भिंतीच्या पायाखाली आणि भिंतीमागच्या भरावात अडकलेला असतो, आणि तिथे हात घालणे परवानाधारक उत्खनकाचे काम. ईशान्य आयर्लंडमध्ये हाताने घडवलेल्या, सपाट बुडाच्या जाड्याभरड्या भांड्यांचे तुकडे सापडतात. त्या भांड्यांना नावच भुयारावरून पडले आहे. तुकडा दिसला तर जागेवरच छायाचित्र घ्या, मोजपट्टीसह, आणि तो तिथेच ठेवून दक्षिणेत राष्ट्रीय संग्रहालयाला किंवा उत्तरेत तिथल्या ऐतिहासिक वास्तू विभागाला लगेच कळवा.

बाहेर पडताना तोंडावर जे झाकण होते तेच, तसेच परत ठेवा: पत्रा, फाटक, काटेरी तार, काहीही असो. गुरांच्या कुरणात उघडे राहिलेले भोक एका रात्रीत गाय गिळते, आणि मग वैतागलेला मालक ते दगडमातीने कायमचे बुजवतो. आराखडा, छेद आणि तुटलेल्या शिळांची यादी प्रजासत्ताकात राष्ट्रीय स्मारक सेवेकडे पाठवा. कुठली शिळा कितव्या क्रमांकाची आणि भेग किती मिलिमीटरची हे त्यात असेल, तर पाच वर्षांनी येणाऱ्याला भेग वाढली की नाही ते मोजता येईल.